जुन्या मार्टिन गिटारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९५२ ची एक छोटी मार्टिन आहे, ०-१८. मी राहते न्यू जर्सीत, एडिसनजवळ. मार्टिनचा कारखाना आहे पेनसिल्व्हेनियातल्या नॅझरेथ गावात, गाडीने तासा-सव्वा तासावर. एवढ्या भांडवलावर ओळखीपाळखीत मी 'मार्टिनवाली' झाले आहे. फोन येतो, "अगं, चुलतभावाने गराज सेलमधून डी-२८ उचलली, चांगली असते ना?" मी विचारते, कुठल्या सालची? यावर पलीकडे शांतता. डी-२८ हे नाव १९३० च्या दशकापासून आजतागायत चालू आहे, पण त्या नावाखाली लाकूड बदललं, आतल्या पट्ट्या बदलल्या, मानेतली सळई बदलली. मॉडेलचं नाव म्हणजे आडनाव समजा. माणूस कोण, ते सालावरून कळतं. खालचे प्रश्न त्याच फोनांमधले आहेत.

मार्टिन ही कंपनी अमेरिकन की जर्मन?

कंपनी अमेरिकन, माणूस जर्मन. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांचा जन्म १७९६ चा, सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावचा. घराणं सुतारकामातलं, टेबलं-कपाटं करणारं. तरुणपणी ते व्हिएन्नाला योहान गेओर्ग स्टाउफर या नामांकित गिटारकाराकडे काम शिकले आणि गावी परतले. तिथे भांडण वाट बघत होतं. व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ म्हणे, गिटार हे वाद्य आहे, ते आम्हीच करणार, फर्निचरवाल्यांनी त्यात हात घालू नये. सुतारांचा संघ अर्थातच उलट म्हणे. हा वाद वर्षानुवर्षं चालला. मार्टिन यांनी १८३३ मध्ये बिऱ्हाड उचललं, न्यूयॉर्क गाठलं आणि हडसन स्ट्रीटवर दुकान थाटलं.

शहर त्यांना मानवलं नाही. १८३९ पर्यंत ते नॅझरेथच्या परिसरात जाऊन राहिले. मोरेव्हियन पंथाच्या जर्मन भाषकांची ती वस्ती, म्हणजे बोली, चर्च, शेजार सगळं ओळखीचं. तेव्हापासून कंपनी तिथेच आहे आणि सहा पिढ्या ती मार्टिन घराण्याने चालवली.

माझ्या गिटारवर 'न्यूयॉर्क' असा शिक्का आहे. मग ती नॅझरेथची नाही का?

नॅझरेथचीच. गिटारी नॅझरेथला बनत, पण विक्री न्यूयॉर्कच्या अडत्यांमार्फत होई. त्यामुळे शिक्का न्यूयॉर्कचा राहिला, तोही जवळजवळ साठ वर्षं. संस्थापकांचे नातू फ्रँक हेन्री मार्टिन यांनी १८८८ मध्ये वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी कारभार हाती घेतला आणि दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, झोबिश या अडत्या पेढीशी संबंध तोडून माल स्वतः विकायला सुरुवात केली. शिक्क्यावर नॅझरेथ तेव्हा आलं. म्हणजे 'न्यूयॉर्क' दिसलं तर गिटार बहुधा १८९८ च्या आधीची. हे वाचून हुरळून जाऊ नका. पुढे १९६० च्या दशकात कंपनीने जुन्या धाटणीची 'न्यूयॉर्कर' नावाची मालिका काढली होती, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर विसंबून चालत नाही.

सीरियल नंबर कुठे असतो? त्यावरून साल कसं काढायचं?

साउंडहोलमधून, म्हणजे तारांखालच्या गोल भोकातून, आत बघा. मान जिथे धडाला मिळते तिथे आतून एक लाकडी ठोकळा असतो, त्यावर नंबर ठोकलेला असतो. ऑक्टोबर १९३० पासून नंबरासोबत मॉडेलचं नावही ठोकायला लागले. त्याआधीच्या गिटारींवर नुसता नंबर.

मी दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च वापरते. तारा ढिल्या करायच्या, आरसा आत सरकवायचा, उलटे दिसणारे आकडे मनात सुलटे करायचे. पहिल्यांदा दहा मिनिटं जातात, नंतर सवय होते. माझ्या ०-१८ च्या आत हे करताना मला आधी नंबर दिसलाच नाही. दिसला तो कुणाचा तरी तुटका पिक (तारा छेडायची चकती), धुळीच्या गादीवर निवांत पडलेला.

नंबरांची पद्धत १८९८ मध्ये सुरू झाली. तोवर सुमारे आठ हजार गिटारी झाल्या असाव्यात असा अंदाज धरून मोजणी तिथून पुढे चालू केली. त्या वर्षीचा शेवटचा नंबर ८,३४८. पुढे वर्षअखेरचे काही नंबर लक्षात ठेवण्यासारखे: १९२० ला १५,८४८, १९३० ला ४५,३१७, १९३९ ला ७४,०६१, १९४५ ला ९३,६२३, १९५० ला १,१७,९६१, १९६० ला १,७५,६८९, १९६९ ला २,५६,००३ आणि १९७० ला २,७१,६३३. तुमचा नंबर ज्या दोघांच्या मध्ये बसेल तो तुमचा काळ. नेमकं साल कंपनीच्या वर्षवार यादीत मिळतं.

या आकड्यांत कंपनीचा इतिहासही आहे. १८९८ अखेरपासून १९२० अखेरपर्यंत, बावीस वर्षांत, नंबर साडेसात हजारांनी पुढे गेला. १९७० या एकट्या वर्षात तो साडेपंधरा हजारांहून जास्त पुढे गेला. सत्तरच्या दशकातल्या गिटारींबद्दल लोक नाकं का मुरडतात, त्याचा अर्धा खुलासा इथेच होतो. उरलेला पुढे येईल.

०, ००, ०००, ओएम, डी आणि त्यापुढे १८, २८, ४५. ही भानगड काय?

पहिला भाग आकाराचा, दुसरा सजावटीचा आणि लाकडाचा. (ओएमचं पुढे येईल.)

शून्यं वाढतील तसं धड रुंद होतं. ० म्हणजे रुंद भागात साडेतेरा इंच, ०० चौदाला थोडी ओलांडून, ००० पंधरा इंच. बोलताना कुणी 'तीन शून्य' म्हणत नाही, 'ट्रिपल-ओ' म्हणतात. आज या गिटारी छोट्या वाटतात, पण १९०२ मध्ये ००० आली तेव्हा ती अवाढव्यच होती. डी म्हणजे ड्रेडनॉट, रुंदी साडेपंधरा इंचांहून जरा जास्त, पण खरा फरक कमरेत. बाकीच्यांना कंबर आहे, ड्रेडनॉटला जवळजवळ नाही.

मागचा आकडा वाढतो तसा थाट वाढतो. १५ आणि १७ साध्या, बहुतेक सगळ्या महोगनीच्या. १८ म्हणजे पाठ-बाजू महोगनी, वर स्प्रूस, म्हणजे एका सूचिपर्णी झाडाचं फिकं लाकूड (१९१७ च्या आधीच्या १८ मात्र रोझवूडच्या असत, हे पुष्कळ जणांना माहीत नसतं). २८ म्हणजे रोझवूड. ४५ म्हणजे रोझवूड आणि जिथे जागा मिळेल तिथे शिंपल्याची चमचमती किनार.

मला विचाराल तर १८ ही या सगळ्यांत समंजस गिटार. महोगनीचा आवाज कोरडा, स्वच्छ, गाणाऱ्याच्या आवाजावर चढून न बसणारा. पण दुकानात शिरलेला माणूस २८ कडेच वळतो.

एक्स-ब्रेसिंग म्हणजे काय? ते स्टीलच्या तारांसाठी शोधलं का?

गिटारचा वरचा तक्ता पातळ असतो, जेमतेम तीन मिलिमीटरच्या आसपास. तारांचा ताण त्याला ब्रिजपाशी, म्हणजे धडावर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीपाशी, सतत वर उचलत असतो. नुसता तक्ता असता तर तो फुगला असता, म्हणून आतून पट्ट्या चिकटवतात. मार्टिनच्या गिटारीत मुख्य दोन पट्ट्या साउंडहोल आणि ब्रिजच्या मधे फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. तेच एक्स-ब्रेसिंग. आज जगातल्या बहुतेक स्टीलच्या तारांच्या गिटारींत हीच रचना आहे.

गंमत अशी की ती आली तेव्हा स्टीलच्या तारांचा पत्ताही नव्हता. मार्टिन यांच्या कामात ही फुली १८४० च्या दशकात दिसायला लागते. त्या काळी अमेरिकेत स्पॅनिश वादकांची चलती होती. मादाम दे गोनी या स्पॅनिश वादक बाईंसाठी १८४३ च्या सुमारास केलेली गिटार या रचनेच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत गणली जाते. तारा तेव्हा आतड्याच्या असत आणि तेवढ्या ताणाला ही फुली गरजेपेक्षा दणकटच होती. ऐंशीएक वर्षांनी स्टीलच्या तारा आल्या तेव्हा इतरांना नव्याने विचार करावा लागला. मार्टिनकडे उत्तर आधीपासून तयार होतं, प्रश्न नंतर आला.

म्हणजे जुन्या मार्टिनला स्टीलच्या तारा लावायला हरकत नाही?

हरकत आहे! मार्टिनने स्टीलच्या तारांसाठी म्हणून गिटार बनवायला सुरुवात केली ती १९२२ मध्ये, तीही आधी एका साध्या मॉडेलपासून, २-१७. बाकीची मॉडेलं दशक संपता संपता तिकडे वळली. त्याआधीच्या गिटारींचा सांगाडा हलका आहे. शंभर वर्षांच्या गिटारला आजचा जाड तारांचा संच चढवला तर काही महिन्यांत ब्रिजमागे पोट सुटतं, नाहीतर ब्रिजच उखडतो. शंका असेल तर नायलॉनच्या तारा लावा. आवाज कमी येईल, पण गिटार राहील.

हवाईयन संगीताचा मार्टिनशी काय संबंध?

फार मोठा. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथल्या हवाईयन मंडळींच्या गाण्या-बजावण्याने अमेरिकेला वेड लावलं. मार्टिनने पुढच्याच वर्षी युकुलेले, म्हणजे चार तारांची चिमुकली हवाईयन गिटार, विकायला काढलं. याआधी, १९०७ च्या सुमारास, एकदा प्रयत्न फसला होता. गिटारसारखाच स्प्रूसचा तक्ता आणि भरभक्कम पट्ट्या घातल्याने ते युकुलेले घुमेनाच. दुसऱ्या खेपेला महोगनीचा पातळ तक्ता घेतला आणि गणित जमलं. विसाच्या दशकात कारखाना वाढला तो या टीचभर वाद्याच्या जिवावर.

ड्रेडनॉट हे युद्धनौकेसारखं नाव गिटारला कसं?

युद्धनौकेवरूनच. ब्रिटिश नौदलाची 'ड्रेडनॉट' १९०६ मध्ये पाण्यात उतरली आणि आधीच्या सगळ्या युद्धनौका तिच्यापुढे खेळण्यातल्या वाटायला लागल्या. तो शब्द तेव्हा 'प्रचंड' या अर्थाने सगळ्यांच्या तोंडी होता. १९१६ मध्ये मार्टिनने ऑलिव्हर डिटसन या संगीतविक्रेत्या कंपनीसाठी रुंद कमरेची मोठी गिटार बनवली. ती डिटसनच्या नावाने विकली जाई. न्यूयॉर्कच्या त्यांच्या दुकानाचे व्यवस्थापक हॅरी हंट आणि आपले फ्रँक हेन्री यांच्या डोक्यातून ती निघाली.

फार खपली नाही. घराच्या दिवाणखान्यात बोटांनी वाजवणाऱ्यांना एवढा घुमारा कशाला हवा होता? डिटसनची कंपनी बंद पडल्यावर १९३१ मध्ये मार्टिनने तेच धड स्वतःच्या नावाने आणलं, आधी डी-१ आणि डी-२ म्हणून. त्यांचीच पुढे डी-१८ आणि डी-२८ झाली. तोवर रेडिओ आला होता, गाणाऱ्यामागे दणदणीत ठेका धरणाऱ्या गिटारची गरज होती. कंट्री गाणारे आणि मग ब्लूग्रासवाले या गिटारवर तुटून पडले. पंधरा वर्षं उपेक्षेत काढलेला हा आकार आज इतका सर्वमान्य आहे की लहान मुलाला गिटारचं चित्र काढायला सांगितलं तर ते बहुतेक ड्रेडनॉटच काढेल.

चौदा फ्रेटचं एवढं काय कौतुक?

फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. आधी मान धडाला बाराव्या फ्रेटपाशी मिळायची. १९२९ मध्ये पेरी बेक्टेल हे अटलांटाचे बँजोवादक कंपनीकडे आले. बँजोवाल्यांना लांब मानेची सवय, त्यांना गिटारवरही वरचे सूर मोकळेपणाने गाठायचे होते. त्यांच्यासाठी ०००चं धड थोडं आखूड करून मान चौदाव्या फ्रेटपर्यंत मोकळी केली. हे ऑर्केस्ट्रा मॉडेल, म्हणजे ओएम. मूळ ओएम-२८ फक्त १९२९ ते १९३३ पर्यंत बनली. १९३४ पर्यंत जवळपास सगळी मॉडेलं चौदा फ्रेटची झाली, ड्रेडनॉटसुद्धा.

ओएम हे नाव गेलं आणि तिची ००० झाली. सोबत तारेची लांबीही २५.४ इंचांवरून २४.९ वर आली. अर्धा इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. बोटांना विचारा. ओएमवर तारा ताठ आणि आवाज टणत्कारी, ०००वर तारा मऊ आणि सूर गोडसर.

'युद्धपूर्व' मार्टिन म्हटलं की लोक आवाज खाली आणून बोलतात. का?

कारण साधारण १९३४ ते १९४४ या दहा वर्षांत सगळं एकदम जुळून आलं आणि मग एकेक करून सुटत गेलं. हे नीट सांगते, कारण जुन्या मार्टिनच्या बाजारातले निम्मे वाद यातच आहेत.

त्या काळात आतल्या पट्ट्या मधोमध तासून खोलगट केलेल्या असत. टोकाला उंची, मधे दरी. पट्टी हलकी, तक्ता मोकळा, आवाजाला खाली भरगच्चपणा. फुलीचा छेदही साउंडहोलच्या जवळ, साधारण एक इंचावर असे. १९३८-३९ च्या सुमारास तो छेद मागे, ब्रिजच्या दिशेने सरकला. मग १९४४ च्या अखेरीस पट्ट्या तासणंच थांबलं. कारण अगदी व्यवहारी. वादक आवाजासाठी जाडजूड तारा लावत, तक्ते फुगत आणि दुरुस्तीचा भुर्दंड कंपनीवर पडे. सरळ पट्टी दणकट असते, तक्रार येत नाही. वाद्य जितकं मोडायच्या जवळ, तितकं ते चांगलं वाजतं, हे गिटारवाल्यांचं जुनं दुखणं.

त्यात युद्ध आलं. आधीच्या काळात मानेत पोलादाची टी-आकाराची पट्टी असे. युद्धकाळात धातूवर निर्बंध आले तेव्हा तिच्या जागी आबनुसाची कांडी घातली. त्यामुळे १९४२ ते १९४५ मधल्या गिटारी उचलताना जाणवेल इतक्या हलक्या लागतात. तक्त्यासाठीचं ॲडिरॉन्डॅक जातीचं लाल स्प्रूस जंगलतोडीने संपत आलं होतं. १९४५-४६ च्या सुमारास त्याची जागा सिट्का स्प्रूसने घेतली. आणि २८ च्या कडेला माशाच्या काट्यांच्या नक्षीची जी लाकडी किनार असे, हेरिंगबोन म्हणतात ती, ती यायची जर्मनीहून. युद्धात पुरवठा तुटला. शिल्लक संपेपर्यंत वापरली आणि १९४७ च्या सुरुवातीपर्यंत तीही गेली.

ही किनार आवाजात काडीचा फरक करत नाही. तरी बाजार आधी तिच्याकडे बघतो, कारण ती बाहेरून दिसते. पट्ट्या दिसत नाहीत. १९४५ ची हेरिंगबोन डी-२८ आणि १९४३ ची हेरिंगबोन डी-२८ शेजारी ठेवल्या तर जुळ्या वाटतील. आत हात घालून पट्टीवर बोट फिरवलं की कळतं: एकीत दरी लागते, दुसरीत सपाटी.

डी-४५ फक्त ९१ च आहेत हे खरं?

युद्धापूर्वीच्या ९१, हो. पहिली १९३३ मध्ये जीन ऑट्री या गाणाऱ्या काउबॉयसाठी केली, फिंगरबोर्डवर, म्हणजे मानेवर बोटं टेकवायच्या फळीवर, शिंपल्यात त्याचं नाव. १९४२ नंतर बंद. १९६८ पासून पुन्हा बनायला लागल्या, तेव्हा सगळ्याच डी-४५ दुर्मिळ नाहीत. त्या ९१ पैकी एखादी कुणाच्या माळ्यावर सापडेल अशी आशा मात्र सोडून द्या.

ब्राझिलियन रोझवूड आणि भारतीय रोझवूड. यात खरंच इतका फरक आहे?

इथे आपला थेट संबंध येतो, म्हणून थोडं सविस्तर.

मार्टिनच्या २८ आणि त्यावरच्या गिटारी सव्वाशे वर्षं ब्राझिलियन रोझवूडच्या होत्या. साठच्या दशकात चांगले रुंद तक्ते मिळेनासे झाले. १९६५ मध्ये आलेल्या डी-३५ ची पाठ तीन तुकड्यांची आहे ती त्यामुळेच. अरुंद फळ्या वाया घालवायच्या नव्हत्या, अडचणीतून एक मॉडेल जन्माला आलं. मग ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि १९६९ च्या अखेरीस मार्टिन भारतीय रोझवूडकडे वळली.

भारतीय रोझवूड म्हणजे काय तर आपला शिसव. डाल्बर्जिया लॅटिफोलिया. सह्याद्रीत उगवतो तोच. आजीच्या घरचा शिसवी पाट, वाड्यातला शिसवी खांब, काळाकुळकुळीत देव्हारा, त्याच जातीचं लाकूड नॅझरेथला जाऊन डी-२८ ची पाठ झालं. मी मार्टिनच्या म्युझियममध्ये ही माहिती ऐकली तेव्हा सोबतच्या अमेरिकन मंडळींना त्यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमच्या घरचा पोलपाट आला.

आवाजाचं म्हणाल तर ब्राझिलियन थोडं काचेसारखं खणखणतं, भारतीय जरा सौम्य आणि एकसारखं. हा फरक आहे, पण किमतीत दिसतो तेवढा नाही. दिसण्यात फरक जास्त. ब्राझिलियन लालसर तपकिरी, त्यात काळ्या शाईच्या रेघा कशाही पळालेल्या. भारतीय जांभळट झाकेचं, सरळ रेषांचं. डोळे बांधून वाजवायला दिलं तर भलेभले चुकतील, असं माझं मत. उघडपणे म्हटलं की भांडणं होतात.

जुनी मार्टिन भारतात आणायची आहे. काही अडचण?

लाकूड कोणतं ते आधी बघा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सगळ्यात कडक यादीत आहे. सीमेपलीकडे विक्री करायची तर परवाना हवा, गिटार कितीही जुनी असो. भारतीय शिसवासकट बाकीची सगळी रोझवूडची जात २०१७ मध्ये त्याखालच्या यादीत गेली. त्याने वाद्यांचा व्यापार इतका अडला की २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. फार जुन्या गिटारींत नट, सॅडल (तारा दोन टोकांना ज्यांवर टेकतात त्या पट्ट्या) किंवा किनार हस्तिदंती असू शकते. तिथे नियम आणखी कडक आहेत. कस्टमच्या खिडकीपाशी उभं राहून हे शोधायला लागू नये.

पोचल्यानंतरची अडचण पावसाळ्याची. या गिटारी प्राण्यांच्या कातडी-हाडांपासूनच्या सरसाने जोडलेल्या असतात. दमट हवा आणि उष्णता दोन्हींत तो मऊ होतो. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असली की गिटार सुखात असते. जुलैतल्या मुंबईत ती ऐंशीच्या पुढे जाते. पेटीत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि काहीही झालं तरी गाडीच्या डिकीत उन्हात सोडू नका.

मान 'रीसेट' करावी लागेल म्हणतात. म्हणजे गिटार बिघडली आहे का?

नाही, म्हातारी झाली आहे. पन्नास-साठ वर्षं तारांनी ओढल्यावर मान धडाशी जो कोन करते तो बदलतो आणि तारा फिंगरबोर्डपासून उंच जातात. १९८५ पर्यंतच्या मार्टिनच्या मानेत फिरवून घट्ट-सैल करायची सळईच नव्हती. आणि असती तरी हे दुखणं तिने बरं होत नाही. कारागीर पंधराव्या फ्रेटपाशी बारीक भोक पाडून वाफ सोडतो, सांध्यातला सरस विरघळवतो, मान सोडवून घेतो, तिच्या बुंध्याचं लाकूड कागदाच्या जाडीने तासतो आणि परत बसवतो. सांधा कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा, खिळा-स्क्रू काही नाही. अमेरिकेत हे सर्रास होतं आणि काही शे डॉलर लागतात. चांगलं रीसेट झालेलं असेल तर किंमत कमी होत नाही, उलट घेणारा खूश होतो.

सत्तरच्या दशकातल्या मार्टिन घ्याव्यात का?

वाजवून घ्याव्यात. मागणी प्रचंड, कारखाना नवा (१९६४ मध्ये नॉर्थ स्ट्रीटवरून सिकॅमोर स्ट्रीटवर हलला), हातघाई झालेली. ब्रिजखालची आतली पट्टी मॅपलऐवजी मोठी, जड रोझवूडची आली. काही गिटारींत ब्रिज किंचित चुकीच्या जागी बसला, मग वरचे सूर नीट लागत नाहीत. पण याच दशकात कंपनीला जुनं आठवलंही. १९७६ च्या एचडी-२८ मध्ये खोलगट पट्ट्या आणि हेरिंगबोन परत आले. या काळातल्या चांगल्या गिटारी अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत.

तारांच्या पाकिटावर मार्टिनचं नाव तुम्ही पुण्या-मुंबईच्या दुकानांत बघता, त्याचीही सुरुवात याच काळातली. १९७० मध्ये कंपनीने डार्को हा तारांचा कारखाना विकत घेतला. त्याच वर्षी सिग्मा नावाच्या स्वस्त, जपानमध्ये बनवलेल्या गिटारीही आल्या. त्या मार्टिन नव्हेत, पण जुन्या सिग्मा प्रामाणिक आहेत.

सगळ्यात महाग विकली गेलेली मार्टिन कोणती?

'निर्वाणा' या रॉक बँडच्या कर्ट कोबेनची १९५९ ची डी-१८ई. जून २०२० मध्ये लिलावात ६० लाख १० हजार डॉलरना गेली. विनोद असा की ही इलेक्ट्रिक पिकअप (तारांचा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारं उपकरण) बसवलेली डी-१८ मार्टिनच्या फसलेल्या प्रयोगांपैकी एक. जेमतेम तीनशे बनल्या, जाणकार तिला नावं ठेवत. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची १९३९ ची ०००-४२ सन २००४ मध्ये ७,९१,५०० डॉलरना गेली होती. ती मात्र वाद्य म्हणूनही अव्वल.

उलट टोकाची गोष्टही ऐकून ठेवा. २०१५ मध्ये प्रदर्शित झालेल्या एका हॉलिवूडपटासाठी मार्टिनच्या म्युझियमने १८७० च्या दशकातली गिटार उसनी दिली. आपटायच्या क्षणी तिच्या जागी नकली यायची होती. निरोप नटापर्यंत पोचला नाही आणि त्याने खरीच खांबावर आपटली. पडद्यावर समोरच्या अभिनेत्रीच्या तोंडावर दिसतो तो धक्का खरा आहे. म्युझियमने नंतर सिनेमावाल्यांना गिटार द्यायची नाही असं जाहीर केलं.

घरात जुनी मार्टिन सापडली. आधी काय करू?

तारा ढिल्या करा. आरसा-टॉर्च घेऊन नंबर वाचा, फोटो काढा. मग थांबा.

पॉलिश करू नका. माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांकडे पन्नासच्या दशकातली ००-१८ होती, तक्त्यावर ओरखडे, पिकगार्डच्या (पिकच्या ओरखड्यांपासून तक्ता वाचवणाऱ्या पातळ तुकड्याच्या) कडेला चीर. त्यांनी प्रेमापोटी ती एका दुकानात दिली, आणि दुकानदाराने जुनं लॅकर घासून काढून वर जाड, चकचकीत थर चढवला. आरशासारखी दिसत होती. मूळ पॉलिश गेलं की किंमत निम्म्यावर येते हा बाजारातला ढोबळ हिशेब, पण काकांना किमतीचं दुःख नव्हतं. ते गिटार मांडीवर घेऊन दोन मिनिटं वाजवत राहिले आणि म्हणाले, "हिला सर्दी झाली आहे का गं?"

पिकगार्डशेजारची चीर जुन्या मार्टिनमध्ये नेहमीची आहे. सेल्युलॉइडचा तुकडा आकसतो आणि खालचं लाकूड ओढून फाडतो. जाणकार कारागीर ती सरसाने मिटवतो, ते घाबरण्यासारखं नाही. जुनी पेटी फेकू नका, ती फाटकी असली तरी. पेटीच्या कप्प्यात पावती, तारांचं रिकामं पाकीट, कुणाच्या अक्षरातली गाण्यांची यादी असं काही असेल तर तेही तसंच राहू द्या. माझ्या गिटारच्या पेटीत १९५० च्या दशकातली बसची दोन तिकिटं निघाली. ती अजून तिथेच आहेत.